कडक चौकशी करून नेमलेला माणूस

९ फेब्रुवारी, रविवार
बाथरूम नवं करायचं. दिंडोशीच्या या घरात ते एकच, त्यामुळे माणूस पारखूनच घेणार. नियम ठरले: लायसन्स बघायचं, जुन्या गिऱ्हाइकाला फोन करायचा, केलेलं काम डोळ्यांनी बघायचं. रत्नप्रभा म्हणते, शिमग्याआधी झालं नाही तर ती माहेरी मुलुंडला जाणार. हिला सिस्टीम कळत नाही.

१२ फेब्रुवारी
वरच्या मजल्यावरच्या धम्मपालने त्याचा कॉन्ट्रॅक्टर पाठवला. निहार. लायसन्स, जीएसटी, फोटो, गिऱ्हाइकांचे नंबर, न मागता सगळं टेबलावर. तिथेच शंका आली. प्रामाणिक माणूस एवढे कागद घेऊन कशाला फिरेल? कटाप.

२० फेब्रुवारी
शिवदास आला. लायसन्स मागितलं, तर गावी राहिलंय म्हणाला. कुठलं गाव? खारेपाटणच्या पुढे! आमच्या शेजारची वाडी! पुढे विचारायची मलाच लाज वाटली. तरी नियम म्हणजे नियम. गिऱ्हाइकाला फोन लावलाच. सीताराम नावाचे गृहस्थ तोंड भरून बोलले. शिवदासचे सख्खे मामा निघाले. भाच्याला जन्मापासून ओळखतात, याहून पक्का रेफरन्स कुठला? काम दाखव म्हटलं, तर मोबाइलवर गेल्या शिमग्यात पालखी नाचवतानाचा व्हिडिओ दाखवला. खांदे काय मजबूत! लगेच फायनल केला.

२६ फेब्रुवारी
फोडाफोड झकास. जुना कमोड हॉलमध्ये, टीव्हीशेजारी. तात्पुरता. आंघोळी धम्मपालकडे. तो विचारत होता, अजून किती दिवस रे? जळतो.

८ मार्च
शिवदास गायब. फोनवर म्हणाला, शिमग्याला गावी चाललोय, पालखीचा मान आमच्या घराचा. शिमगा सोडून टाइल्स लावणारा माणूस मीच ठेवला नसता. रत्नप्रभा म्हणाली, निहारला बोलव ना! नाही म्हटलं. तत्त्वाचा प्रश्न आहे.

१० मार्च
रत्नप्रभा मुलुंडला गेली. बाथरूम झाल्याचा पुरावा पाठवला तरच परत येणार. नव्या नळाचा फोटो पाठवला. म्हणे फोटो नको, पाणी पडतानाचा व्हिडिओ हवा. घर खायला उठलंय. कमोडकडे बघत जेवलो.

१६ मार्च, मुक्काम गाव
शिवदासला चारचौघांत झापायचं, या एकाच उद्देशाने आलो. पालखी आमच्या दारात आली. पुढचा दांडा शिवदासच्या खांद्यावर. देव खांद्यावर असलेल्या माणसाला झापणार कसं? नारळ पुढे केला. घरासाठी देवाला गाऱ्हाणं घालायला सीताराममामा. त्यांना भाच्याने सगळं सांगितलेलं असणार. हात जोडून खड्या आवाजात म्हणाले, "बा देवा म्हाराजा, ह्या सुबोधाचा बाथरूम रवलेला आसा, बायल म्हायेराक गेली आसा, ता बाथरूम तूच तडीस ने रे म्हाराजा!"

अख्खी वाडी ओरडली, "व्हय म्हाराजा!"

सगळ्यात मोठा आवाज शिवदासचा. त्याच्या खालोखाल माझा.