चेहऱ्याची गोळी

४ जून

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू आपल्या सोयीनं ऐकतेस, म्हणून हे पत्र.

आधी चांगली बातमी. टीव्हीवरच्या संध्याकाळच्या बातम्या खुणांच्या भाषेत सांगायला दुभाषी हवी आहे आणि आमच्या संस्थेनं माझं नाव पाठवलंय. बारा वर्षं कर्णबधिरांसाठी बँकेत, कोर्टात, दवाखान्यात हात हलवले, आता सगळ्यांदेखत हलवायचे. चाचणी जुलैअखेर आहे.

दुसरी बातमी तितकी बरी नाही. तीन आठवडे लघवीला जळजळ होतेय. दोन औषधं घेऊन झाली, फरक शून्य. शेवटी डॉक्टरांनी कल्चर करायला लावलं. रिपोर्टची नक्कल जोडलीय. आठ औषधांपैकी पाचांसमोर ‘आर’ लिहिलंय. तुझी हयात प्रयोगशाळेत असल्या रिपोर्टांवर सह्या करण्यात गेली, तेव्हा मला समजेल असं सांग. डॉक्टरांनी विचारलं, दुसरं काही औषध चालू आहे का. मी नाही म्हटलं. चेहऱ्याची गोळी मी औषधात धरतच नाही. सहा वर्षं रोज एक, चहासारखी.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.

तुझी
ठकी


९ जून

चि. ठकीस अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्राची शेवटची चार वाक्यं मी चष्मा पुसून पुन्हा वाचली. सहा वर्षं?

‘आर’ म्हणजे त्या जंतूपुढे ते औषध हरलं. आम्ही काचेच्या बशीत जंतू पेरायचो आणि वर औषधाच्या चकत्या ठेवायचो. जे औषध चालतं, त्याच्या चकतीभोवती स्वच्छ रिंगण पडतं. तुझ्या बशीत पाच चकत्यांच्या अगदी पायाशी जंतू ऐसपैस बसलेत, भाडं न देणाऱ्या भाडेकरूसारखे.

मुरुमांची तुझी गोळी साधीसुधी नाही, ते अँटिबायोटिक आहे. पोटात गेल्यावर ती चेहऱ्याचा पत्ता विचारत बसत नाही, अंगभर फिरते. मऊ जंतू मरतात, निबर उरतात, आणि उरलेले आपली विद्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना शिकवतात. तुझा आजार त्यामुळेच चिवट झाला, असं मी शपथेवर सांगणार नाही. पण चाळीस वर्षं बशा पाहिलेल्या बाईचा संशय म्हणून ऐक.

तुझ्यावर अर्धाच राग आहे. उरलेला माझ्यावर. पहिल्याच वर्षी तू लिहिलं होतंस की डॉक्टरांची चिठ्ठी तीन महिन्यांची होती, ती संपली तरी दुकानदार गोळ्या देतो. मला तेव्हाच कळायला हवं होतं. कळलंही होतं. पण त्याच पाकिटात तुझा फोटो होता, आणि किती तरी दिवसांनी तू त्यात दात दाखवून हसत होतीस. मी गप्प बसले.

आता दोन्ही डॉक्टरांना खरं सांग, लघवीच्या आणि चामडीच्या.

खरं सांगून आलीस की लोभ दुप्पट.

मावशी


६ जुलै

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

रिपोर्टमधल्या उरलेल्या तिघांतलं एक औषध लागू पडलं. जळजळ गेली. त्वचेच्या डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, पण गोळी त्याच दिवशी बंद केली. म्हणाल्या, ती तीन-चार महिन्यांची पाहुणी, तुम्ही तिला घरजावई केलंत. आता सकाळी एक जेल, रात्री एक मलम, आणि हार्मोनची एक वेगळी गोळी, जी जंतूंच्या वाटेला जात नाही. फरक पडायला तीन महिने. जेलमुळे माझे सगळे टॉवेल पांढऱ्या डागांचे झालेत, ते वेगळंच.

पण चेहरा! कानापासून हनुवटीपर्यंत गाठी उठल्यात. मी छत्तीस वर्षांची, आणि केस पेपरवर लिहिलंय ‘तारुण्यपीटिका’. तारुण्य कधीच निघून गेलं गं, पीटिका तेवढ्या राहिल्या.

हसतेय, पण काल रडले. संस्थेतले आमचे मास्तर जन्मापासून बहिरे आहेत. ते मला खुणेनं म्हणाले, हल्ली तू पुटपुटतेस. आमच्या भाषेत हात शब्द सांगतात, पण प्रश्न, नकार, ‘थोडं’ की ‘खूप’, हे सगळं चेहरा सांगतो. मी म्हणे मान खाली घालते, केस पुढे घेते, गाल हलवत नाही. लपवायला गेले आणि मुकी झाले.

कपाटात जुन्या गोळ्यांचं एक पाकीट आहे. चाचणीपर्यंत तीनच आठवडे घेऊ का? तू फक्त हो म्हण.

लोभाची आज फार गरज आहे.

ठकी


१० जुलै

चि. ठकीस अनेक आशीर्वाद.

हो म्हणणार नाही. एकदा गप्प बसले, तेवढं पुरे. डॉक्टरीणबाईंना विचार. त्या घे म्हणाल्या तर माझी ना नाही. दुकानदाराला मात्र विचारू नकोस, आणि मला तर मुळीच नको. मला तुझी दया येते, आणि दयेनं दिलेलं औषध मोजून दिलं जात नाही.

मास्तर बरोबर बोलले. मुरुमांना पुटपुटता येत नाही, पुटपुटतेस ती तू.

हे वाक्य कठोर झालं, पण खोडत नाही. लोभ त्याच्या खाली आहे, शोध.

मावशी


३० जुलै

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

झाली निवड! सोळा जणांतून मी! आधी हे लिहिते, मग श्वास घेते.

तुझं पत्र आलं त्या दिवशी चिडून दोन तास तुझ्याशी मनात भांडले. मग पाकीट उचललं आणि डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर नेऊन ठेवलं. तीन आठवड्यांसाठी घेऊ का, तेही विचारलं. त्यांनी नको म्हटलं आणि पाकीट ठेवून घेतलं.

चाचणीच्या खोलीत डोळे दिपवणारे दिवे. रंगभूषेच्या माणसानं मला पाहून सुस्कारा सोडला आणि भिंतीला गिलावा करावा तसा थर दिला. आरशात गाल फुगवून पाहिले तर फुगेनात. मी त्याला थर पुसायला लावला. त्यानं तीनदा विचारलं, नक्की ना?

बातमी खाणीत अडकलेल्या मजुरांच्या सुटकेची होती. मी केस मागे बांधले, मान वर केली आणि सांगत सुटले. आत किती जण, जिवंत आहेत का, हवा किती उरलीय, पहिला माणूस वर आला! गाल दुखत होते, दुखू दिले. परीक्षकांत छापखान्यातून निवृत्त झालेले एक बहिरे गृहस्थ होते. सगळं संपल्यावर ते उठले आणि खुणेनं म्हणाले, या बाईंचा आवाज खणखणीत आहे.

लोभ सापडला. तुझ्या पत्राच्या शेवटच्या ओळीखालीच होता.

ठकी


१८ ऑक्टोबर

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

चेहरा बराच निवळला. हनुवटीवर दोन गाठी आहेत, पण आता त्या बातम्यांच्या आड येत नाहीत. नवं कल्चरही स्वच्छ आलं. रिपोर्ट जोडलाय, फ्रेम करून लावू नकोस.

खरी गोष्ट पुढे आहे. गेल्या मंगळवारी बातम्यांच्या मध्येच चिठ्ठी आली, धरणाचं पाणी सोडतायत, नदीकाठ तासाभरात रिकामा करा. मी सांगितलं. ‘आत्ता’ म्हणताना भुवया पार केसांत गेल्या असतील. नदीकाठच्या गल्लीत शिवणकाम करणारं एक बहिरं जोडपं राहतं. गल्लीत बाकी कुणाचा टीव्ही चालू नव्हता. ते दोघं उठले आणि दार न् दार ठोठावत सुटले. अकरा घरं रिकामी झाली. नंतर पाणी खिडक्यांपर्यंत चढलं. माणूस एकही गेलं नाही.

काल ती बाई संस्थेत आली. माझ्या चेहऱ्याकडे बोट दाखवून तिनं खूण केली, तो वाचला म्हणून वाचलो. खुणांमध्ये हे दोन शब्द अगदी वेगळे आहेत गं. तुला लिहायला बसले तर कागदावर एकच निघाला.

तुझ्या लोभावर हक्क सांगणारी,

ठकी