नारळ फुटल्यावर

आबा, आज आमच्या बांधकाम मजुरांच्या संघटनेच्या कार्यालयाचं बांधकाम पुरं झालं आणि कुणीतरी नारळ आणला. तो पाहिला आणि तुमचा राग आला. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी आला.

पिंपरीच्या माळावर तेव्हा कारखान्यांच्या शेड उभ्या राहत होत्या. तुम्ही गवंड्यांच्या टोळीचे मुकादम आणि मी तुमच्याच हाताखाली घमेली वाहणारी. पहिल्याच शेडची भिंत पावसात उभी चिरली. पाया काळ्या मातीतच थांबवला होता, माती फुगली. भिंत पाडली, मुरूम लागेपर्यंत खणलं, पुन्हा बांधली. काम संपलं, तुम्ही उंबऱ्यावर नारळ फोडलात. मी म्हणते, "आबा, चिंचवडात दुसरी टोळी असल्याच मातीत पाया भरतीय. त्यास्नी सांगून येते." खोबरं वाटता वाटता तुम्ही म्हणता, "नारळ फुटला. आता काम देवाचं. देवाच्या कामाला नावं ठेवायची न्हाईत." एक गवंडी खिदळतो, "मुकादम, तुमची गादी गेली राव! लेक भाषण करतीय!" सगळे हसतात. तुम्ही हसत नाही. "टोळीची अब्रू वेशीवर टांगलीस, तर घरात पाय ठेवू नको."

मी गेले नाही. पुढच्या पावसाळ्यात चिंचवडच्या त्या टोळीची भिंत कोसळली. खाली तुमची सख्खी बहीण होती. आत्या नुकतीच त्या टोळीत वाळू चाळायला लागली होती. तिची कंबर मोडली ती कायमची. अंथरुणातून तिनं विचारलं, "दादा, तुला म्हाईत व्हतं?" तुम्ही म्हणालात, "ज्याची त्याची अक्कल."

देवाला मध्ये आणू नका, आबा. चिरलेल्या भिंतीची लाज देवाला नव्हती, तुम्हाला होती. तुम्ही नारळ उंबऱ्यावर नाही, आमच्या तोंडांवर फोडत होता. एका टोळीची चूक ही पुढच्या टोळीची मिळकत असते. ती दाबून ठेवायचा हक्क तुम्हाला कुणी दिला?

आज मी नारळ बाजूला ठेवला, सगळ्यांना जमिनीवर बसवलं आणि विचारलं, काय चुकलं ते सांगा. सुतार म्हणाला, "ताई, आधी नारळ तरी फोडू द्या, मग भांडू." म्हटलं, "आधी भांडा." भांडले. गच्चीचा उतार उलटा पडल्याचं निघालं. भोसरीला उद्या काम सुरू करणारा मिस्त्री मी मुद्दाम बोलावला होता. तो सगळं ऐकत होता. मग नारळ फुटला.

हे पत्र कुठं टाकणार? तुमच्या नावाचा खोबऱ्याचा तुकडा काढलाच नाही, असं लिहिणार होते. काढला होता. मग रागानं मीच खाल्ला. गोड होता.