खडूचा उंबरा

मंगळवार, ५ ऑगस्ट

चपलांचं काही डोक्यातून जात नाही.

आज चौथीला सांगत होते, इतिहास म्हणजे होऊन गेलेल्या गोष्टी. तर सुगंधा म्हणाली, "बाई, आमचं जुनं घर धरणात हाय. उन्हाळ्यात पाणी उतरलं की आमी जातो तिथं." मी पटकन बोलून गेले, "आता घर कुठलं गं, नुसते दगड असतील." का बोलले असेन? पुस्तकात नाही म्हणून? पोरीचं तोंड एवढंसं झालं.

मग मीच तिच्या हातात खडू दिला. म्हटलं, दाखव बरं. तिने फरशीवर अख्खं घर काढलं. हितं चूल, हितं गोठा, ह्यो उंबरा. पोरं भोवती बसून बघत होती. किल्ल्यांच्या धड्यालासुद्धा इतकी गप्प नसतात. मला चूल नीट दिसेना म्हणून मी पुढे झाले.

"बाई, चपला," सुगंधा म्हणाली. "तिथंबी आई चपला काढाया लावती."

पोरांच्या चपला दाराबाहेर. वर्गात चपला घातलेली मी एकटी. मागे सरले, काढल्या, मग आत गेले. कुणी हसलं नाही.

शाळा सुटल्यावर, झाडायची पाळी असलेल्या दोघींनी सगळा वर्ग झाडला, तेवढं घर सोडून. मी म्हटलं, तिथला कचरा राहिला की.

"बाई, सुगंधा तर गेली. घरात कुणी न्हाई, आमी आत कसं शिरायचं?"