पालथा नकाशा

पुणे
१० जानेवारी १९८८

ती. स्व. गुलाबमामा यांस,
तारामतीचा सविनय जयभीम. वि. वि.

मी इकडे खुशाल आहे. मालनमामीची शेंगाचटणी ऑफिसातल्या लोकांनी दोन दिवसांत संपवली आणि नाव माझं झालं.

बातमी अशी की आमच्या नकाशांच्या ऑफिसात कॉम्प्युटर आला आहे. त्याच्या पडद्यावर घराचा नकाशा काढता येतो. भिंत चुकली तर ब्लेडनं खरवडावी लागत नाही, बटण दाबलं की जाते. जुने ड्राफ्ट्समन त्याच्या वाऱ्याला उभे राहत नाहीत, म्हणून साहेबांनी तो मला दिला. मला शाळेत घालताना तुम्ही सगळ्या भावकीशी भांडलात, त्याचं हे फळ समजा.

तुमच्या दूध सोसायटीची इमारत तुम्ही बांधणार असं मामीनं कळवलं. तिचा नकाशा मी कॉम्प्युटरवर काढून देईन, फुकट. फक्त जागेची मापं नीट पाठवा. चारी बाजू आणि दोन्ही कर्ण, टेप ताणून. हे यंत्र फार भोळं आहे. आपण सांगू ते खरं मानतं, उलट विचारत नाही.

सेक्रेटरी महारुद्रकाका तुम्हाला हे पत्र वाचून दाखवत असतील. काका, मोठ्यानं वाचा आणि मधलं गाळू नका.

मामीला नमस्कार. लोभ आहेच, त्याची वरचेवर डागडुजी होत राहावी.

आपली भाची,
तारामती

मु. बोरवाडी, जळकोटजवळ
२४ जानेवारी १९८८

चि. तारामतीस,
मामाचे अनेक आशीर्वाद. पत्र पोचले. काहीही गाळले नाही.

यंदा खरीप गेले, विहिरींनी तळ दाखवला, पण म्हशी जगल्या आहेत आणि गाव दुधावर उभे आहे. तुझ्या पत्रामुळे सभेत मोठी खळबळ झाली. उमरग्याच्या ठेकेदाराला काम द्यावे असे काहींचे मत होते. (ते मत माझे होते. लेखक, महारुद्र.) तेव्हा मी उठून सांगितले की माझी भाची कॉम्प्युटरवर नकाशा काढते आहे, त्यात सुताची चूक निघाली तर ही गवंड्याची थापी मी कायमची खाली ठेवीन. काम मला मिळाले. (शब्द इतिवृत्तात नोंदवून घेतला आहे.)

मापे अशी. लांबी चाळीस फूट, रुंदी तीस. एक कर्ण पन्नास. दुसरा मोजण्याची गरज नाही असे सेक्रेटरींचे मत होते. मी मोजला, तो दोन फूट कमी भरला. शेजारच्या सिदूचा उकिरडा हळूहळू आपल्या जागेत आला आहे. तेवढा कोपरा सोडून आतल्या जागेत इमारत सरळ चौकोनी काढ.

रस्ता उत्तरेला. पूर्वेला मोठा कडुलिंब, पश्चिमेला उकिरडा. ठरावाप्रमाणे दोन सारख्या खोल्या, पैकी ऑफिस लिंबाच्या सावलीला आणि दुधाची खोली, तिच्या दूध घालण्याच्या ओट्यासह, पश्चिमेला. (बायकांना आणि दुधाला उन्हात कशाला, असे गुलाबराव विचारीत होते. परंतु ठराव झालेला असल्याने तो प्रश्न पत्रात घेतलेला नाही.)

मामी म्हणते, पडद्याकडे फार बघू नको, डोळे जातील.

तुझा मामा,
गुलाब (निशाणी अंगठा)

पुणे
२१ फेब्रुवारी १९८८

ती. स्व. मामा यांस,
सविनय जयभीम. वि. वि.

नकाशा सोबत आहे! अख्खी इमारत मी एकटीनं काढली. एकदा वीज गेली आणि चार तासांचं काम पुसलं गेलं. तेव्हापासून दर दहा मिनिटांनी काम जपून ठेवते, तेही दोन फ्लॉप्यांवर. एक ऑफिसात असते, दुसरी माझ्या डब्याच्या पिशवीत.

या यंत्राची एक गंमत सांगते. भिंती एका थरावर, दारं-खिडक्या दुसऱ्यावर, पाण्याचा नळ तिसऱ्यावर. काचेवर काच ठेवावी तसं. हवा तो थर झाकता येतो. एक खिडकी काढली की तिच्या पाच प्रती निघतात. पण पहिली चुकीची असली तर पाचही चुकीच्या निघतात, म्हणून पहिली तीनदा तपासली.

आता तुमच्यासाठी. नकाशावर पट्टी ठेवून माप घेऊ नका, कागद आखडतो. नकाशावर सगळं इंग्रजीत आहे, म्हणून मापं वेगळ्या चिठ्ठीवर मराठीत लिहिली आहेत, ती काकांकडून वाचून घ्या आणि पाठ करा. नकाशावरचं इंग्रजीही काकांनी एकदा तपासावं. त्यांना येतं असं ते नेहमी सांगतात. कागद हातात आला की आधी बाण बघा. बाणाचं टोक उत्तरेला, म्हणजे रस्त्याकडे. मग चूक होणारच नाही.

साहेबांनी नकाशावर सही केली आणि इमारत उभी राहिली की फोटो मागवून भिंतीवर लावू म्हणाले. मामा, मला रात्रभर झोप आली नाही आनंदानं.

आशीर्वाद असावेत आणि सिमेंट ओलं असेपर्यंत रोज आठवण असावी.

आपली,
तारामती

बोरवाडी
३ एप्रिल १९८८

चि. तारामतीस,
अनेक आशीर्वाद.

काम झपाट्याने चालले आहे. पाणी टँकरचे, म्हणून भिंतींवर पोती टाकून जपून मारतो. छताची पातळी आली, ओटाही झाला. मापे मला तोंडपाठ आहेत, एक सूत इकडे तिकडे नाही. मी मजेत आहे.

(यापुढील मजकूर माझा. महारुद्र. खोल्या सारख्याच असल्याने आजवर काही लक्षात आले नाही. काल ओट्याच्या तीन पायऱ्या झाल्या, त्या लिंबाखाली. माझ्या ऑफिसच्या खिडक्या उकिरड्यावर उघडतात. मी नकाशा मागितला, तर नकाशातही तसेच आहे. ठरावात मात्र नेमके उलट आहे. हा प्रकार काय?

प्रामाणिकपणे सांगतो. नकाशा आला तेव्हा मी तो बराच वेळ पाहून सर्व बरोबर आहे असे सांगितले होते. अक्षरे ओळखीची वाटली नाहीत. कॉम्प्युटरची लिपी निराळी असेल असे वाटले. गावातल्या महांतप्पांना दाखवले, त्यांना कन्नड येते. ते म्हणाले, कन्नड नाही. तेव्हा इंग्रजीच असणार असे ठरले.

येत्या सतराला सभा आहे. गुलाबरावांचा शब्द इतिवृत्तात आहे. हे मी त्यांना वाचून दाखवलेले नाही.)

तुझा मामा,
गुलाब (निशाणी अंगठा)

पुणे
९ एप्रिल १९८८

ती. स्व. मामा यांस,
सविनय जयभीम.

काका, हे पत्र सभेत वाचा, अक्षर न् अक्षर.

चूक माझी आहे. कॉम्प्युटरनं नकाशा बरोबर काढला होता. पारदर्शक कागदावरून प्रत काढताना मी तो कागद प्रती काढायच्या यंत्रात पालथा घातला. पोस्टाची वेळ टळत होती. कागद पालथा, म्हणून डावं ते उजवं झालं, अक्षरं उलटी उमटली. बाण तेवढा सरळ राहिला, कारण उत्तर कागदाच्या वरच्या बाजूला होती. ऑफिसातली प्रतही काल पाहिली, तीही पालथी. साहेबांनी पालथ्या नकाशावर सरळ सही केली आहे. दर दहा मिनिटांनी काम जपणारी मी, शेवटी हातातला कागद एकदा वाचला नाही.

गुलाबमामांनी कागदाबरहुकूम बांधलं. त्यांचा एका सुताचाही दोष नाही. थापी ठेवायची तर मी माझी ठेवते. उद्यापासून कॉम्प्युटरला हात लावणार नाही, साहेबांना तसं सांगणार आहे.

मामा, तुम्ही माझ्या भरवशावर एवढा मोठा शब्द दिलात आणि मी तुमच्यावर भर सभेत खाली बघायची वेळ आणली. मला फार रडू येतंय.

माया कमी झाली तरी तक्रार नाही.

तुमचीच,
तारामती

बोरवाडी
१९ एप्रिल १९८८

चि. तारामतीस,
मामाचे लई लई आशीर्वाद.

हे पत्र बालवाडीच्या सुमनबाई लिहित्यात. म्या सांगतो तसंच लिहा म्हणालो. महारुद्राच्या कानावर घालायचं न्हाय, म्हणून त्याला टाळलं.

सभा झाली. तुझं पत्र महारुद्रानं वाचलं, पहिल्यांदाच काही न गाळता. म्या उठलो आन् थापी टेबलावर ठेवली. ठेवूशी वाटत नव्हती, खोटं कशाला बोलू. चाळीस वर्षं ती हातात हाय.

तवर लक्ष्मम्मा उठली. सगळ्यात जास्त दूध तीच घालती. ती म्हणाली, आमाला लिंबाची सावली घावली, ती आमी सोडणार न्हाय. दूध उन्हात नासतंय, सेक्रेटरी काय नासत न्हाय. सगळ्या बाया हसल्या, तुझी मामी तर उठून उभीच राहिली. ठराव तिथंच बदलला. लक्ष्मम्मानं थापी उचलून माझ्या हातात दिली आन् म्हणाली, गिलावा राहिलाय, बसलाय काय.

उकिरड्याची तक्रार धा वर्षं पडून होती. महारुद्रानं काल तो हलवायचा ठराव लिहिलाय. सिदूला आठ दिसांची मुदत हाय.

आता खरी गोष्ट. तू रडलीस म्हणून सांगतो, न्हायतर सांगितली नसती. नकाशा आला त्याच दिशी म्या बघितलं होतं. अक्षर मला येत न्हाय, सरळ काय न् उलटं काय. पण रेघ येती. पायऱ्या लिंबाखाली काढलेल्या दिसल्या आन् मला वाटलं, पोरीनं डोकं चालवलं. तुझी आई डोक्यावर दुधाची चरवी घेऊन उन्हात रांगेत उभी राहायची, ते ध्यानात ठेवून तू ठराव मोडलास, असं वाटलं. ऊर भरून आला माझा. विचारलं न्हाय, कारण विचारलं असतं तर तू नीट करून पाठवलं असतंस. थापी ठेवली तीबी त्याच्यापायीच. निम्मी चूक तुझी, निम्मी माझी, आन् सभेत सगळी तुझ्याच नावावर गेली.

तवा उद्या सकाळी जाऊन त्या यंत्राम्होरं बस. साहेब काय म्हणतील ते ऐकून घे, पण खुर्ची सोडू नको. सोसायटीला आता चाऱ्याचं गोदाम बांधायचं हाय. मामीनं शेंगाचटणी जास्तीची केलीय, ऑफिसलाबी दे.

गोदामाचा नकाशा तू सरळच पाठव. पालथा करायचा का न्हाय, ते म्या हितं बघून घेतो.

तुझा मामा,
गुलाब (निशाणी अंगठा)