बाराचे चाळीस

१४ ऑक्टोबर, सोमवार

आज सकाळी सगळ्यांच्या आधी कंपनीत पोचलो. तपासणीच्या खोलीत जाऊन तिसऱ्या मांडणीवरची हिरवी पुडी बदलली. आतल्या खाऊची मुदत ऑगस्टमध्येच संपलेली, कुणाच्या लक्षात नाही! खाऊचं नावच 'शहाणा हो' अशा अर्थाचं, म्हणून यंत्रानं शहाण्यासारखं वागावं यासाठी पुडी ठेवायची. ती हिरवीच हवी, चालू यंत्राच्या दिव्यासारखी, आणि मुदतीतली हवी. इथे झाडूवाल्यापासून साहेबांपर्यंत सगळे हे मानतात. मीही मानतो. हात जोडले, बाहेर आलो.

नवी फोनची चिप सहा मांडण्यांवर दोन महिने अखंड चालू आहे. मधूनच एखादा बोर्ड हँग होतो. का, ते सापडत नाही. मान दुखते आहे.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

तिसरी मांडणी कालपासून एकदाही हँग नाही. वन-चिन धावत आली — "श्यू दादा, तुमची पुडी लागू पडली!" किती दिवसांनी हसली पोरगी. चिपचा वेग कधी वाढवायचा, कधी उतरवायचा, तो नियम तिनं लिहिलाय. काम आलं की वेग वर, हात रिकामे झाले की खाली — बॅटरी वाचते आणि फोनही रेंगाळत नाही. म्हणून दोन महिने सगळ्यांची बोटं तिच्याकडेच.

पंग साहेब (माझ्याहून नऊ वर्षांनी लहान) म्हणाले, "मग बाकी पाचांवरही ठेवा की! आम्ही हिच्या नियमात खोट शोधतोय, आणि खोट निघाली खाऊत!" सगळे हसले. मीही.

१६ ऑक्टोबर, बुधवार

पाचही मांडण्यांवर ताज्या पुड्या. नऊ वेळा हँग. आज कुणी हसलं नाही.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

चांद्र महिन्याची सोळावी तिथी, पूजेचा दिवस. फाटकाजवळच्या भूमिदेवापुढे कंपनीचं ताट — फळं, बिस्किटं, उदबत्त्या. सगळे गेल्यावर मागे राहिलो. कौल लावला — सांगून टाकू का? लाकडाचे दोन्ही तुकडे सपाट बाजू वर करून पडले. म्हणजे हो नाही, नाहीही नाही — देव हसला! पुन्हा टाकले. पुन्हा हसला. उत्तर ठाऊक असताना विचारतोस कशाला, असंच म्हणत असणार.

मग इथे तरी लिहितो. सोमवारी सकाळी मी दोन गोष्टी बदलल्या होत्या.

वेग वाढवायचा तर आधी विजेचा दाब वाढवायचा, तो स्थिर होईतो थांबायचं, मगच वेग; नाहीतर चिप हँग होते. उतरताना उलट — आधी वेग, मग दाब. हे मधलं थांबणं चाळीस मायक्रोसेकंदांचं असे. तीन वर्षांपूर्वी, आधीच्या चिपच्या वेळी, मी ते बारावर आणलं. फोन चपळ झाला, चाचणीत गुण वाढले, माझा सत्कार झाला. त्या चिपला बारा पुरत होते. नव्या चिपवर तेच बारा उचलून ठेवले. पुन्हा मोजले नाहीत. मोजायला हवे होते, हे मला एकट्यालाच माहीत होतं.

सोमवारी फक्त तिसऱ्या मांडणीवर बाराचे चाळीस केले. मग पुडी बदलली — फरक पडलाच तर दाखवायला काहीतरी हवं म्हणून. श्रद्धेच्या आड लपलो. हात जोडले होते ते कशासाठी!

२० ऑक्टोबर, रविवार

शिन्पू गावी आईकडे. अंगणभर परातींत सोललेली केशरी पर्सिमनची फळं वाळायला वाऱ्यावर मांडलेली. शेजाऱ्यानं यंदा शेगड्या लावून चार दिवसांत वाळवली. वरून चामडं, आत आंबलेली. सगळी फेकली. आई म्हणाली, "वाऱ्याला वेळ द्यायला नको कुणाला!" मग माझ्याकडे बघून, "आणि तू का रे असा सुकलास? तुला कुणी वाळत घातलं?"

हसू आलं नाही.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

पंग साहेबांनी आत बोलावलं. वन-चिनला शुक्रवारनंतर या कामावरून काढणार. म्हणजे वर्षअखेरीला नोकरीवरूनच, हे न बोलता कळतं.

"हुशार आहे हो. पण अहवालात कुणाचं तरी नाव लागणारच ना."

मी म्हटलं, "आणि थांबणं परत चाळीसवर नेलं तर?"

"म्हणजे गुण खाली! गिऱ्हाइकाला आकडा देऊन बसलोय आपण. आणि श्यू दादा, ते बारा तुमचेच ना? सत्कारात मीच टाळ्या वाजवल्या होत्या." दार लोटून हळू आवाजात — "जपा. पन्नाशीला टेकलेल्याला या गावात दुसरं दार उघडत नाही."

उठून जागेवर आलो. रक्तदाबाची गोळी घ्यायची राहिली.

२३ ऑक्टोबर, बुधवार

फार दमलो आहे. झोप होऊनही.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

वन-चिन खोक्यात सामान भरत होती. मला बघून म्हणाली, "दादा, मी गेल्यावर त्या तिसऱ्या पुडीला कुणाला हात लावू देऊ नका हं! तीच एक मांडणी धड चालतेय." थट्टेनंच म्हणाली. डोळे मात्र सुजलेले. "नियम मी शंभरदा तपासला. मलाच दिसत नाहीये माझी चूक."

मी "हं" म्हटलं. फक्त "हं"!

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळी उरलेल्या पाच मांडण्यांवरही चाळीस केले. अहवालात लिहिलं — बारा मी केले, नव्या चिपवर मोजले नाहीत, वन-चिनच्या नियमात खोट नाही. खाली पूर्ण नाव, श्यू छांग-मिंग. पंग साहेबांना आणि त्यांच्या वरच्यांना एकदमच पाठवला.

मग तिसऱ्या मांडणीवरची पुडी उतरवली, सगळ्यांदेखत फोडली, आणि अर्धी वन-चिनच्या ओंजळीत ओतली.