शेवट न खेळता दिलेले दहा गुण

बाबा, तुम्ही गेलात त्याला चौदा वर्षं झाली आणि मी अजून तुमच्याच पद्धतीने गुण देते. नाटकांना नाही, व्हिडिओ गेमना. आठवडाभर खराडीच्या ऑफिसात नोकरी करते आणि सुट्टीच्या दिवशी एका मराठी वेबसाइटसाठी नव्या गेमची परीक्षणं लिहिते. पंचेचाळीस वर्षांची बाई हे उद्योग करते म्हटल्यावर सोसायटीतले लोक "अरे वा" म्हणतात. त्या "अरे वा"चा अर्थ तुम्हाला समजावून सांगायला नको. तुम्ही असतात तर तुम्हीही तेवढंच म्हणाला असतात आणि मग माझं परीक्षण गुपचूप वाचून त्यातल्या चुका काढल्या असत्यात.

कर्वेनगरच्या घराचं स्वयंपाकघर आठवतं. तुम्ही ओट्याशी उभे राहून चहा करताय, मी स्टुलावर बसलेय. शाळेत मराठी शिकवून उरलेल्या वेळात तुम्ही कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धांना परीक्षक म्हणून जायचात, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मला बरोबर नेलं होतंत. "काय आवडलं?" तुम्ही विचारता. मी म्हणते, "सगळंच." तुम्ही मागे वळूनही बघत नाही. "सगळंच म्हणजे तू काहीच पाहिलं नाहीस. बस आणि लिही." कॅलेंडरच्या जुन्या पानामागे मधोमध रेघ, डावीकडे गुण, उजवीकडे दोष. मी रडकुंडीला आले होते. पुढे सातवीचा निकाल लागल्यावर तुम्ही मला टीव्हीला जोडायचा गेम आणून दिलात, माझ्या आयुष्यातली सगळ्यात आवडती भेट, आणि आठ दिवसांनी त्याच्यावरही रेघ मारायला लावलीत. मी दोषांत लिहिलं, "हरलं की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते." तुम्ही शेजारी लाल पेनाने लिहिलंत, "हा दोष की गुण? विचार कर." इतका राग आला होता मला तुमचा! पण वर्गातल्या कुठल्याही मुलीला असा प्रश्न कुणी विचारला नसेल, याची ऐटही होती.

गाजलेल्या गेमचं परीक्षण करणं सगळ्यात अवघड. जगभरातून दहापैकी दहा पडलेले असतात आणि आपण रेघ मारून बसायचं. मागे एक खेळले, अफाट मोठं जग, घोड्यावर बसून तासन् तास फिरा, प्रत्येक डोंगरावर ऊन वेगळं पडतं. पण गोष्ट सांगते की उद्या जग बुडणार आहे, आणि आपण नदीकाठी निवांत मासे पकडतोय. कुणाला काही घाई म्हणून नाही. दुसरा एक इतका कठीण, की एका राक्षसाने मला चाळीस वेळा मारलं. एकेचाळिसाव्या वेळी जिंकले तेव्हा मी घरात नाचले. त्याची गोष्ट मात्र इतकी लपवून ठेवलेली, की ती कळायला दुसऱ्यांनी लिहिलेलं वाचावं लागतं. हे दोन्ही गुण, दोन्ही दोष मी लिहिले. लोकांनी मला खडूस म्हटलं आणि मला बरं वाटलं.

मग या वर्षी तो बर्फाच्या डोंगराचा गेम आला. एक म्हातारा वाटाड्या आणि त्याची मुलगी, एका दोराने बांधलेले. आपण मुलगी. बटण दाबून धरलं की दोर धरलेला, बोट उचललं की दोर सुटला. दहा-बारा तास आपण त्या बापाला धरून चढतो, बोट दुखायला लागतं, आणि तो सतत आपल्या चुका काढत असतो. "पाय बघून टाक. घाई कुणाची आहे?" मी हसत होते. शेवटी तो कड्यावरून घसरतो. वर ओढता येत नाही. आता आपणच बोट उचलायचं, गेम आपल्यासाठी ते करत नाही. या एका क्षणासाठी सगळ्यांनी त्याला डोक्यावर घेतलंय.

रविवारची दुपार होती. मी बोट उचललं नाही. तो म्हणाला, "सोड, बाळ." मग म्हणाला, "मला थंडी वाजत नाहीये." मग, "खाली बघू नकोस." आणि पुन्हा पहिल्यापासून, "सोड, बाळ." तीन वाक्यं, त्याच आवाजात, त्याच क्रमाने. बोट बधिर झालं तेव्हा मी बटणावर रबरबँड गुंडाळला आणि आत जाऊन कुकर लावला. बाहेरून आवाज येतच होता. एवढ्या बारकाईने केलेला गेम, मुलीच्या बुटावरचा बर्फसुद्धा वितळतो, पण न सोडणाऱ्या मुलीशी बाप काय बोलेल हे कुणी लिहिलंच नव्हतं. हा दोष एकाही परीक्षणात आलेला नाही. येणार कसा? सगळ्यांनी बोट उचललं होतं.

मी टीव्ही बंद केला, पुढचा शेवट दुसऱ्या कुणीतरी खेळलेल्या व्हिडिओत पाहिला, आणि लिहिलं, "शेवट निर्दोष. दहापैकी दहा." तो दोष लिहिला असता तर तो मला सापडला कसा, हेही सांगावं लागलं असतं. तुम्ही एकदा तापाने फणफणलेले असताना शेवटच्या एकांकिकेआधी उठलात आणि तिला गुण द्यायचंच नाकारलंत. आयोजक म्हणाले, "अहो सर, अंदाजाने द्या की." तुम्ही म्हणालात, "अंदाजाने मीठ घालतात." मी तुमची मुलगी, बाबा, आणि मी अंदाजाने दहा दिले. ते परीक्षण इतकं वाचलं गेलं, की शेवटाबद्दलचा परिच्छेद लोक मलाच पाठवायला लागले.

तीन आठवड्यांनी मी वेबसाइटच्या संपादिकेला फोन केला. तिशीही न गाठलेली हुशार मुलगी आहे. "त्यात एक दोष घालायचाय," मी म्हटलं.

"ताई, आता? लोक म्हणतील आधी न खेळताच लिहिलं होतं का."

"हो. शेवट मी खेळलेच नव्हते."

"ओके. पण का? सगळ्यात बेस्ट पार्ट तोच आहे ना?"

"बोट उचलवेना."

"मग तेच लिहा की, ताई."

लिहिलं. दोष लिहिला, शेवट खेळले नाही हेही लिहिलं, दहा गुण मागे घेतले आणि त्या जागी काहीच दिले नाहीत. दोन दिवस लोकांनी धुतलं, मग विसरले. ती कबुली सोपी होती.

हॉस्पिटलमधल्या त्या सकाळचं मात्र तसं नाही. डॉक्टरांनी कागद पुढे केला होता, श्वास आणखी खालावला तर व्हेंटिलेटर लावायचा की नाही. लावून फार काही हाती लागणार नाही, असं ते दोनदा म्हणाले. तुम्हाला शुद्ध नव्हती. आई म्हणाली, "मला विचारू नकोस, तू ठरव." मी "नको"वर खूण केली, सही केली, आणि दुपारी तुम्ही गेलात. भेटायला आलेल्यांना मी सांगितलं, "बाबांना लांबवलेला शेवट कधीच आवडला नाही. लांबला की ते दोन गुण कापायचे." लोकांना ते फार पटलं. तुमच्या मित्रांनी डोळे पुसले, शोकसभेत एकाने तेच वाक्य भाषणात घेतलं. आई तर अजून सांगते, येईल त्याला, अगदी अभिमानाने. पोरीने वडिलांचं मन ओळखलं म्हणते.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही म्हणूनच लिहिते. ते वाक्य मला घरी येताना रिक्षात सुचलं. सही करताना तुमचं काहीच आठवलं नव्हतं. आठवा दिवस होता, मी त्या खुर्चीत बसून बसून आंबले होते, आणि मला घरी जाऊन झोपायचं होतं. आईला मी हे अजून सांगितलेलं नाही.