ओळीसमोरचं नाव

सोमवार, ९ जून

नत्थूजीची चार बोटं गेली. उजव्या हाताची. अंगठा तेवढा उरला.

महाल भागात, मधुकररावांच्या छापखान्यात. शाळेच्या वह्यांचा सीझन. नत्थूजी कटिंग मशीनवर, मी बाहेर मालकाशी चहा पीत बसलेलो. पातं पडल्याचा आवाज आला — आणि तो कागदाचा नव्हता! कागद कापल्याचा आवाज मी झोपेतही ओळखतो. हा ओला होता. कप टाकून धावलो. नत्थूजी ओरडला नाही. हाताकडे बघत म्हणाला, "रविंद्रभाऊ, हे पाहा गा काय झालं." आणि खाली बसला. बोटं मीच वेचली. दाबपट्टीखाली चेंदली होती. डॉक्टर म्हणाले, जोडता येणार नाहीत.

त्या मशीनचं कंट्रोल, म्हणजे पातं चालवणारी पेटी आणि तिचा प्रोग्राम, माझ्या दुकानात बनलेलं. पात्यासमोर उजेडाची पट्टी. मध्ये हात आला की पातं थांबतं. थांबलं नाही.

मंगळवार, १० जून

अंकुशनं मारलं. नत्थूजीचा पोरगा. दवाखान्याच्या पायऱ्यांवर, शंभर लोकांसमोर. वरचा दात हलतोय. "आवाजावरून मोटर वळखते म्हणे तू! माह्या बापाचं हाड तुटलं तं ऐकू आलं का नाई बे?"

मी हात उचलला नाही. मग म्हणाला, "त्या मशीनचा प्रोग्राम कोनं लिहिला, नाव सांग. त्याची बी चार घेतो."

तेच कंट्रोल आणखी सात प्रेसमध्ये आहे. सगळ्यांना फोन केले, मशीन बंद ठेवा. गांधीबागेतला एक ऐकेना. जाऊन त्याची केबल पकडीनं तोडून आलो. शिव्या दिल्या. हसून खाल्ल्या.

बुधवार, ११ जून

सापडलं! दुकानात प्रोग्राम लिहिणारी रितिका रजेवर, म्हणून मीच तो उघडला. दहावी नापास, जळक्या मोटरींत नवी तार भरून वर आलेला माणूस आहे मी, पण एवढं वाचता येतं.

'हात आहे का' हे तपासणारं फंक्शन. त्यानं 'हो' सांगायचं किंवा 'नाही'. तर सुरुवातीलाच एक ओळ — पट्टीकडून खबर आली नाही तर रिटर्न. बस! पुढे काहीच नाही. ना हो, ना नाही. तोंड न उघडता परत! आणि पातं सोडणारा भाग थांबतो फक्त 'हो' ऐकून. उत्तर आलंच नाही तर तो 'नाही' धरून चालतो. पट्टीवर कागदाची धूळ बसली, खबर तुटली, फंक्शन मुकाट्यानं फिरलं, पातं सुटलं.

ओळीसमोर नाव: सौरव, माझ्या हाताखाली शिकणारा पोरगा. तारीख मे महिन्याची.

सौरवला समोर बोलावून कानफटात मारली. टेबलावर आपटला, ओठ फुटला. "भाऊ, मले आठवून नाही राहिलं..." दुसरी दिली. तेवढ्यात अंकुशचा फोन. मी ओरडलोच — "सौरव! सौरवनं लिहिलं!"

बरं वाटलं.

गुरुवार, १२ जून

अंकुश आणि आणखी दोघं. सौरवला खापरखेड्याला, त्याच्या कॉलनीच्या फाटकाशी गाडीवरून खेचलं. हात रस्त्यावर दाबून धरला आणि लोखंडी पान्यानं ठेचला. दोन बोटं मोडली. लोक धावले, म्हणून दोनच.

त्याची आई फोनवर: "घरी आला का तुमचंच सांगे तो. भाऊ असे, भाऊ तसे. काहून दिलं त्याचं नाव?"

अंकुशचा निरोप: "दोन बाकी हाय."

शुक्रवार, १३ जून

रितिका आली. स्क्रीन माझ्याकडे वळवली.

"भाऊ, इथं दिसते ते नाव ओळीले शेवटचा हात लावनाऱ्याचं असते. सौरवनं ओळ फक्त चार घरं उजवीकडं सरकवली. दिसायले नीट दिसावी म्हणून. लिहिली कोनं ते मागं पाहा लागते."

ती मागे मागे गेली. २१ फेब्रुवारी. तिथं आधी तिचं लिहिलेलं होतं: खबर नाही तर पातं बंद, भोंगा चालू. ते खोडून रिटर्न टाकणारा — रविंद्र.

आठवलं. धुळीनं भोंगा दिवसाला वीसदा वाजायचा. मधुकरराव कावले होते: "रविंद्रजी, हे बोंबलनं बंद करा ना!" माझ्याही कानांना सोसेना. तिथंच बसून एका मिनिटात केलं. आणि पोरांना शिकवतो कोण? मीच! "पसारा काहून करता बे? काम नसंन तं सुरुवातीलेच परत फिरा!" भोंगा बंद झाला. मधुकररावांनी पाठ थोपटली.

विचारलं, "सौरवनं सांगितलं काहून नाही?"

"त्याले कुठं माहीत? कालही म्हणे, मीच लिहिलं असंन. भाऊ खोटं नाही सांगत."

शनिवार, १४ जून

मधुकरराव म्हणतात, अंकुशकडे नाव गेलंच आहे पोराचं, तर तेच राहू द्या. प्रोग्राममधल्या जुन्या नोंदी, नावं, सगळं पुसता येतं. मला येतं.

रविवार, १५ जून

अंकुशला फोन केला. "सौरव नव्हे. ती ओळ माझी." मग, "कुठं हाय बे?"

"दुकानात. एकटाच."

शटर वर केलं. टेबलावरचं सामान खाली ठेवून माझ्या उजव्या हाताला जागा केली.